हुतूतू, इराण आणि मामेबहीण

नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी ढाक्यात कबड्डीचा वर्ल्ड कप जिंकला. फायनलमध्ये चायनीज तैपेईला ३५-२८ असं हरवलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी हे मोठ्या उत्साहाने सांगायला गेलो, तर टीममधल्या एकाने विचारलं, "कबड्डीचा पण वर्ल्ड कप असतो?" आणि दुसरा म्हणाला, "त्यात काय एवढं? आपणच खेळतो, आपणच जिंकतो."

पहिल्या प्रश्नाचं मला काही वाटलं नाही. माहीत नसतं एखाद्याला. दुसरं वाक्य मात्र डोक्यात राहिलं, कारण २०१८ च्या ऑगस्टपर्यंत मीसुद्धा अगदी हेच म्हणायचो. ते वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं, ते आज सांगतो. वीकेंड आहे, प्रॉडक्शन शांत आहे (नजर न लागो), तेव्हा जरा लांबण लागली तरी चालेल.

माझं आजोळ चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीजवळ. चंद्रपूर म्हटलं की पुण्याच्या लोकांना दोनच गोष्टी आठवतात, ताडोबाचा वाघ आणि मे महिन्यातलं ४७ अंश. पण दिवाळीनंतरची झाडीपट्टी पाहिलेला माणूस उन्हाबद्दल बोलत नाही. धान कापून झालेलं असतं, गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक असतं, आणि नाटकाच्या आधी किंवा दुसऱ्या दिवशी कबड्डीचे सामने. रिकाम्या बांधीत चुना टाकून मैदान आखायचं, चार कोपऱ्यांना बांबू, त्यावर हॅलोजन. तिकडे गडचिरोलीत, वडसा-आरमोरीकडेही हेच चित्र. मामा आमचा डाव्या कोपऱ्याचा खेळाडू. त्याने एकदा घोटा धरला की चढाईवाला परत जात नसे, असं सगळं गाव सांगतं. त्याचा उजवा गुडघा अजूनही जिना चढताना वाजतो, तेही सगळं गाव सांगतं :)

कबड्डी म्हणजे सोनं, हे मला मामाकडूनच कळलं. १९९० च्या बीजिंग एशियाडमध्ये कबड्डी पहिल्यांदा पदकाचा खेळ म्हणून आली (१९८२ ला दिल्लीत नुसतीच प्रदर्शनीय होती). त्या एशियाडमध्ये भारताला एकूण किती सुवर्णपदकं मिळाली माहितीये? एक. ते कबड्डीचं. एवढा मोठा देश, एवढे खेळ, आणि राष्ट्रगीत एकदाच वाजलं ते मातीतल्या खेळासाठी. मामाने ही बातमी रेडिओवर ऐकली होती आणि तो ती दर मंडईला एकदा तरी सांगायचाच. मग १९९४, १९९८, २००२, २००६, २०१०, २०१४. ओळीने सात सुवर्णपदकं. मुलींची कबड्डी एशियाडमध्ये २०१० ला आली, तिथेही २०१० आणि २०१४ सोनंच. वर्ल्ड कप २००४ ला मुंबईत, २००७ ला पनवेलला, २०१६ ला अहमदाबादला. तिन्ही आपले. तिन्ही फायनल इराणशी.

आता हा शेवटचा मुद्दा नीट बघा. मी तेव्हा बघितला नव्हता. २००४ ची फायनल ५५-२७, म्हणजे दुप्पट फरक. २००७ ला २९-१९. आणि २०१४ च्या इंचॉन एशियाडच्या फायनलला मध्यंतराला इराण २१-१३ ने पुढे होतं! तिथून आपण कसंबसं २७-२५ ने जिंकलो. २०१६ च्या वर्ल्ड कपात तर पहिलाच सामना आपण दक्षिण कोरियाकडून ३२-३४ असा हरलो, घरच्या मैदानावर. फायनलला पुन्हा इराण मध्यंतराला पुढे, पुन्हा अजय ठाकूरने वाचवलं, ३८-२९. आमच्या धंद्यात असा ग्राफ डॅशबोर्डवर दिसला असता तर कुणीतरी अलर्ट लावला असता. पण सोनं मिळत होतं ना. मग ग्राफ कोण बघतंय?

इराणवाले काही आभाळातून पडले नव्हते. त्यांच्याकडे कुस्ती रक्तात आहे, पकड त्यांना शिकवावी लागत नाही. 'झू' नावाचा दम धरून खेळायचा असाच एक देशी खेळही त्यांच्याकडे आहे. आणि उरलेलं आपण शिकवलं. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि फझल अत्राचली यू मुंबाकडून, कोरियाचा जांग कुन ली बंगालकडून, असे हे लोक दरवर्षी महिनोनमहिने आपल्याच पोरांबरोबर सराव करायला लागले. आपला चढाईपटू कुठल्या पायावर वळतो, बोनस घेताना नजर कुठे ठेवतो, सगळं त्यांना पाठ. त्याबद्दल आपण त्यांना पैसेही दिले. २०१८ च्या लिलावात फझलला एक कोटी मिळाले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये...

तर ऑगस्ट २०१८. जकार्ताचं एशियाड. रविवारी, २६ तारखेला राखी होती म्हणून मी गुरुवारीच पुण्याहून नागपूरची गाडी पकडली होती. आधी सोमवारी गटातच आपण कोरियाकडून एका गुणाने हरलो होतो, २३-२४. एशियाडच्या इतिहासातला पुरुष संघाचा तो पहिला पराभव. म्हटलं असेल, एखादा दिवस वाईट जातो. गुरुवारी सेमीफायनल इराणशी. गाडीत रेंज येत-जात होती. एका स्टेशनावर रेंज आली आणि स्कोअर दिसला, १८-२७. मी पान रिफ्रेश केलं. पुन्हा तेच. शेजारच्या काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "क्रिकेट होतं का आज?"

शुक्रवारी नागपूरहून एसटीने मामाकडे पोचलो. मामा माझ्याशी धड बोललाच नाही. आमच्याकडे भाच्याच्या पाया पडायची पद्धत आहे, ते त्याने केलं आणि पुन्हा जाऊन टीव्हीसमोर बसला. त्या दिवशी मुलींची फायनल होती. समोर इराणच.

माझी मामेबहीण तेव्हा एकोणीस वर्षांची होती. बापाचीच पोरगी, डावा कोपरा. शाळेकडून तालुका, जिल्हा, विभाग इथपर्यंत खेळलेली. बारावी झाली आणि खेळ थांबला. कुणी मनाई केली असं नाही. मंडईतले सामने पोरांचे, गावात पोरींचा संघ नाही, शिकवणारं कुणी नाही, शाळा संपली की ग्राउंडही संपलं. तिच्या खेळाच्या बुटांत आता मामी रोवणीला जात होती.

सामना सुरू झाला. मध्यंतरापर्यंत आपण पुढे होतो. मामा जरा सैलावला. पण ही पोरगी गुडघ्यावर हनुवटी ठेवून गप्प बसली होती. डोकं झाकलेल्या, पूर्ण बाह्यांच्या ड्रेसमधल्या त्या इराणी मुली हरत असतानाही घाई करत नव्हत्या. ती म्हणाली, "दादा, ह्या पोरी श्वास बघ कशा घेऊन रायल्या. यायले कोणीतरी बसून शिकवलं आहे." मला काहीच कळलं नव्हतं, मी फक्त गुण बघत होतो. उत्तरार्धात एकेक पकड पडत गेली, आणि शेवटी २७-२४. इराण.

घरात कुणी बोलेना. मग तिनेच विचारलं, "यायचा कोच कोण आहे?"

मी मोबाईलवर शोधलं. शैलजा जैन. मूळच्या नागपूरच्या, नाशिकला तीस वर्षांहून जास्त काळ पोरींना कबड्डी शिकवलेल्या. भारताच्या संघाला शिकवायची त्यांची इच्छा होती, ती संधी कधी मिळाली नाही. इराणने बोलावलं, त्या गेल्या. मुलींशी बोलता यावं म्हणून फारसी शिकल्या, सरावात योगासनं आणि प्राणायाम आणला. श्वासाचं कोडं तिथे सुटलं.

मामा म्हणाला, "म्हंजे आपल्याच बाईनं आपल्याले हरवलं."

त्यावर ही लगेच, "आपल्याच बाईले आपण ठेवलं काहून नाही मंग?"

मामाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे तर त्याहून नव्हतं. तीन दिवसांच्या त्या सुट्टीत हा प्रश्न घरात फिरत राहिला, आणि मला हळूहळू लक्षात आलं की ती फक्त शैलजाताईंबद्दल विचारत नाहीये.

नंतर कधीतरी आमच्या टोरांटोच्या एका सहकाऱ्याला कॉलवर मी ही गोष्ट सांगितली. मला वाटलं, तो सभ्यपणे 'अरेरे' म्हणेल. तो हसायलाच लागला. म्हणाला, हे आमच्याबरोबर १९३६ ला झालंय. आइस हॉकी. आता चंद्रपूरच्या माणसाचा बर्फाशी संबंध गोळेवाल्यापुरता, पण ऐकल्यावर मी रात्री बसून वाचून काढलं. १९२० पासून १९३२ पर्यंतची चारही ऑलिंपिक सुवर्णपदकं कॅनडाची. त्यांनाही वाटायचं, आपणच खेळतो, आपणच जिंकतो. १९३६ ला ब्रिटनने त्यांना २-१ असं हरवलं आणि सोनं नेलं. आणि त्या ब्रिटिश संघातले बहुतेक खेळाडू लहानाचे मोठे झाले होते कुठे, तर कॅनडात! पुढे १९४८ आणि १९५२ ला कॅनडा पुन्हा जिंकला, मग सोव्हिएत संघ आला, आणि कॅनडाच्या पुरुषांना पुढचं ऑलिंपिक सोनं मिळायला थेट २००२ उजाडलं. पन्नास वर्षं.

(गंमत म्हणजे त्याच १९३६ च्या उन्हाळ्यात, बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं तिथे कबड्डी करून दाखवत होती. आपला खेळ बाहेर न्यायला आपणच गेलो होतो की. आता कुणी शिकलं तर तक्रार कशाला?)

आपल्याला मात्र पन्नास वर्षं लागली नाहीत. जकार्ताहून परत आल्यावर निवडीवरून दिल्ली उच्च न्यायालयात वाद झाला. न्यायालयाने सांगितलं की निवडलेला संघ आणि डावललेले खेळाडू यांच्यात सामना लावा. १५ सप्टेंबरला तो ठरला आणि जकार्ताला गेलेला संघ मैदानावर आलाच नाही. यापेक्षा जास्त मी त्यावर लिहीत नाही, बीपी वाढतं.

पुढचं एशियाड कोविडमुळे लांबलं आणि २०२३ ला हांगझोउला झालं. ७ ऑक्टोबर, शनिवार. मुलींनी चायनीज तैपेईला २६-२५ ने हरवलं, एका गुणाने! मग पुरुषांची फायनल, समोर अर्थातच इराण. शेवटचं मिनिट, २८-२८. पवन सेहरावत चढाईला गेला, कुणालाही न शिवता लॉबीत गेला, त्याच्यामागे इराणचे बचावपटूही लॉबीत उतरले. जुन्या नियमाने एक निकाल, नव्या नियमाने दुसरा. म्हणजे स्पेकची दोन व्हर्जन्स एकाच वेळी प्रॉडक्शनवर, आणि दोन्ही टीम आपापलं डॉक्युमेंट दाखवतायत. पंचांनी निर्णय बदलला, पुन्हा बदलला, खेळाडू मॅटवर बसून राहिले, तासभर खेळ बंद. शेवटी ३३-२९ असं आपण जिंकलो. त्या संघात आपला नगरचा अस्लम इनामदार होता, नाशिकचा आकाश शिंदे होता. पुढच्या मार्चमध्ये अस्लमच्या कप्तानीखाली पुणेरी पलटणने प्रो कबड्डी जिंकली, तेव्हा त्याच्या संघात होता इराणचा शादलू. हांगझोउला समोर, पुण्यात शेजारी. मला हे फार आवडलं.

मामाला फारसं नाही आवडलं. तो म्हणतो, पूर्वी जिंकायचो तर निवांत जिंकायचो, आता जिंकलं तरी छातीत धडधडतं. मी म्हटलं, मामा, तुमच्या मंडईच्या फायनलला धडधडत नव्हतं का? तर म्हणे, "ते येगळं. तिथं समोर नवरगावचे होते." असो.

मामेबहीण आता गडचिरोलीला पोलीस शिपाई आहे. भरतीच्या आठशे मीटरला कबड्डीचा दम कामी आला म्हणते. तिकडे पोलीस दलाकडून दुर्गम भागातल्या गावांसाठी कबड्डीचे सामने होतात, पोरींचेही. ड्युटीतून सुटका मिळाली की ती तिथे शिटी घेऊन उभी असते, आणि सुट्टीच्या दिवशी जवळच्या शाळेतल्या पोरींचा सराव घेते. कुणी सांगितलेलं नाही, पगारात काही वाढत नाही. आधी दहा मिनिटं नुसता श्वास, मग मैदान. हे कुठून आलं ते मी तिला विचारलं नाही.

ढाक्याची फायनल झाली त्या रात्री तिचा व्हॉइस मेसेज आला. मला वाटलं जिंकल्याबद्दल असेल. होताही, पहिले पाच सेकंद. मग म्हणे, "दादा, इथं मुरूम लय टोचते, पोरींचे गुडघे सोलून रायले. संक्रांतीले येशील तं पुण्याहून नी-कॅप आण. बारा जोड्या. अन् मोठ्या नको आणू, सातवी-आठवीच्या पोरी आहेत."

काल लक्ष्मी रोडला जाऊन आलो. छोट्या साइजच्या नऊच मिळाल्या. उरलेल्या तीन ऑनलाइन मागवल्यात, बुधवारी येतील म्हणतात.