खडकी ते मिलिटरी अपशिंगे : फौजी कुटुंबाच्या घराची वाट

फौजी कुटुंबाला राहायला जागा मिळते, घर मात्र बहुधा निवृत्तीच्या तोंडावर मिळते. जागा सरकारी असते आणि बदलीचा हुकूम आला की सोडावी लागते. बदली साधारण दर दोन-तीन वर्षांनी होते. ‘पीस’ ठाण्यावर बायकामुले सोबत नेता येतात. ‘फील्ड’वर, म्हणजे सीमेवरच्या किंवा दुर्गम ठाण्यावर, जवान एकटा जातो आणि कुटुंब मागे राहते. पुण्याच्या खडकी छावणीतून सातारा जिल्ह्यातल्या मिलिटरी अपशिंगे या गावी जाणाऱ्या एका दिवसाच्या वाटेवर या कुटुंबाच्या निवाऱ्याचे तीन टप्पे ओळीने दिसतात : क्वार्टर, शहरातली सैनिकी वसाहत आणि गावचे घर. प्रस्तुत लेखकाचे बालपण पहिल्या टप्प्यात गेले असल्याने प्रवासाची सुरुवात तिथूनच केली.

खडकी हे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे केंद्र. इथल्या क्वार्टरांची देखभाल मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस करते. लष्करी भाषेत या खात्याला ‘एमईएस’ म्हणतात. क्वार्टर ताब्यात घेण्याला ‘मार्चिंग इन’ आणि सोडण्याला ‘मार्चिंग आउट’ असे शब्द आहेत. सोडताना यादी हातात घेऊन पंखे, नळ, ट्यूबलाइट आणि खिडक्यांच्या काचा मोजल्या जातात. तुटलेल्या वस्तूचे पैसे भरावे लागतात. भिंतीत खिळा ठोकण्याआधी विचार करण्याची सवय फौजी बायकांना यातूनच लागते.

लष्करात विवाहितांसाठी घरे नेहमीच कमी पडत आली. ही तूट भरण्यासाठी 2002 मध्ये ‘मॅरिड अ‍ॅकोमोडेशन प्रोजेक्ट’ हाती घेण्यात आला. तिन्ही दलांसाठी टप्प्याटप्प्याने सुमारे 2 लाख घरे बांधण्याची ही योजना होती. मुलांच्या शाळेचा प्रश्न त्याआधीच सरकारपुढे आला होता. 1963 मध्ये पलटणींच्या 20 शाळा ताब्यात घेऊन ‘सेंट्रल स्कूल’ सुरू झाल्या, त्याच आजची केंद्रीय विद्यालये. बदली कुठेही झाली तरी अभ्यासक्रम तोच राहावा, हा त्यामागचा हेतू. पुस्तके तीच राहिली, बाकावरचा शेजारी मात्र दर वेळी नवा.

क्वार्टरातल्या संसाराचे खरे फर्निचर म्हणजे काळ्या पत्र्याच्या ट्रंका. पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा आणि पलटण लिहिलेली ट्रंक प्रवासात सामान वाहते. मुक्कामी पोचल्यावर अशा दोन-तीन ट्रंका शेजारी लावून वर गादी आणि चादर टाकली की दिवाण तयार होतो. हुद्दा वाढला की जुन्या अक्षरांवर काळा हात फिरवून नवी अक्षरे काढतात. तिरप्या उन्हात खालचा ‘नायक’ वरच्या ‘हवालदार’मधून डोकावतो. तुळस असते ती तेलाच्या रिकाम्या डब्यात, कारण तिलाही ट्रकमध्ये चढायचे असते. परसात लावलेला कढीपत्ता तोडणीला येईतो क्वार्टरात दुसरे कुटुंब आलेले असते.

दुसरा टप्पा वानवडीजवळ लागतो. साळुंखे विहार ही आर्मी वेल्फेअर हाऊसिंग ऑर्गनायझेशनची पुण्यातली जुनी वसाहत आहे. ही संस्था 1978 मध्ये स्थापन झाली. ना नफा, ना तोटा या तत्त्वावर ती सेवेतल्या आणि निवृत्त सैनिकांसाठी, तसेच सैनिकांच्या विधवांसाठी घरे बांधते. नौदल आणि वायुदलासाठी वेगळे गृहनिर्माण मंडळ आहे. मुंबईत पवईचे ‘जलवायू विहार’ त्याचेच. दोन्ही दले त्या नावातच आली आहेत. अशा वसाहतीत घर घेणारा कित्येकदा ते वर्षानुवर्षे पाहतही नाही. तो हप्ते पठाणकोटहून भरतो, किल्ली घ्यायला बायको येते आणि घरात भाडेकरू राहतो. शेजारी मात्र आयुष्यभराच्या ओळखीचा निघतो, कारण तोही पूर्वी कुठल्या तरी ठाण्यावर भिंतीपलीकडेच राहिलेला असतो.

जवानाचा ओढा मात्र गावाकडे असतो. स्वारगेटहून निघालेली एसटी खंबाटकी घाट चढून साताऱ्याला येते. पुढे नागठाण्याच्या बाजूला अपशिंगे आहे. पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस फौजेत देणारे गाव म्हणून त्याच्या नावाला ‘मिलिटरी’ चिकटले. पहिल्या महायुद्धात या गावाचे 46 जण कामी आले आणि ब्रिटिशांनी त्यांच्या स्मरणार्थ इथे शिळा बसवली. ते ज्या घरांतून गेले ती मातीची होती. आजची घरे सिमेंटची आहेत आणि दारावरच्या पाट्यांवर नावाआधी सुभेदार, हवालदार, नायक असे हुद्दे आहेत.

ही घरे एका दमात उभी राहत नाहीत. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक रजा मिळते आणि बांधकाम त्या रजांच्या मापाने चालते. एका सुट्टीत पाया, दुसऱ्या सुट्टीत भिंती, तिसरीत स्लॅब. मधल्या काळात लक्ष ठेवतो तो भाऊ किंवा म्हातारा बाप. पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शनचा हक्क मिळतो आणि शिपाई, नायक चाळिशीच्या आसपास घरी येतात. गिलावा आणि फरशी बहुधा निवृत्तीच्या पैशातून होते. कागदोपत्री तो इतकी वर्षे इथलाच असतो. मतदार यादीत ‘सेवा मतदार’ म्हणून त्याचे नाव गावच्याच मतदारसंघात राहते आणि मतपत्रिका ऑनलाइन येते आणि टपालाने परत जाते. 2020 मध्ये राज्य सरकारने माजी सैनिकांच्या घराचा मालमत्ता करही माफ केला.

एका निवृत्त सुभेदारांच्या अंगणात दुपारचा चहा झाला. घर नवे होते, पण अंगणातले तुळशी वृंदावन त्याहून आधीचे. घराचा पाया भरायच्या आधी काकींनी ते बांधून घेतले होते. “बावीस वर्सं डब्यात ठेवली हिला,” काकी म्हणाल्या. “म्हटलं, आधी हिला जागा करा, मग आपलं बघू.” ट्रंका माडीवर गेल्या होत्या आणि त्यांत आता कडधान्ये होती. भिंतीवर खिळे मोजता येणार नाहीत इतके.

या कथेचा शेवट मात्र घराच्या वास्तुशांतीने होत नाही. ज्या मुलासाठी वरची खोली काढली, तो बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात शिकून सध्या राजस्थानात आहे आणि सून त्याच्याबरोबर क्वार्टरात राहते. खोलीला कुलूप आहे. मागच्या सुट्टीतून परतताना सुनेने वृंदावनातले एक रोप मागून घेतले आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात लावून सोबत नेले.