पाहणाऱ्याची लाज

स्त्रीनें लाज कशी राखावी, हें सांगणारीं माणसें आपल्या घरोघरीं आहेत. चोरून पाहणाऱ्यालाही लाज असावी, असें मात्र क्वचितच कोणी बोलून दाखवितें. कायद्यानें ही दुसरी बाजू अलीकडे मनावर घेतली आहे, म्हणून चार शब्द लिहावेसे वाटले.

१८६० च्या भारतीय दंड संहितेंत, कलम ५०९ अन्वयें, स्त्रीच्या एकांताचा भंग करणें हा अपराध होता खरा. पण शिक्षा फार तर एक वर्षाची साधी कैद, नाहीं तर नुसता दंड. दिल्लींतील १६ डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर न्यायमूर्ति वर्मा समितीचा अहवाल आला, आणि २०१३ मध्यें चोरून पाहण्यासाठीं स्वतंत्र कलम झालें. पहिल्या वेळीं कमींत कमी एक व जास्तींत जास्त तीन वर्षें कैद, पुन्हां तोच अपराध केल्यास तीन ते सात वर्षें, शिवाय दंड. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत, कलम ७७ मध्यें, हीच शिक्षा कायम आहे. चोरून छायाचित्र घेणें व तें पसरविणें हेंही त्यांत येतें. स्त्रीनें चित्र घेऊं दिलें, पण इतरांस दाखविण्यास संमति दिली नाहीं, तर तें पसरविणाराही अपराधीच.

आमच्या बीड जिल्ह्यांतून दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. फडाजवळ पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोप्या असतात. न्हाणीघर बहुधा नसतेंच. बाया पहांटेच्या अंधारांत, काठ्यांना लुगडें बांधून, त्या आडोशाला आंघोळ उरकतात. परिस्थिति पाहतां जेथें एकांताची अपेक्षा रास्त, त्या जागेला कायद्याचें संरक्षण आहे. तेव्हां लुगड्याच्या आडोशालाही तें मिळावयास हवें. पण परमुलखांत, मुकादमाची उचल अंगावर असतांना, ती बाई फिर्याद घेऊन कोणाकडे जाणार?

आणि जेथें भिंती पक्क्या होत्या, तेथें तरी काय झालें? माझ्या लहानपणीं आमच्या वाड्यांतील न्हाणीच्या दाराला एक फट होती. बिऱ्हाडकरूंपैकीं एका तरुणाला तेथें डोळा लावतांना माझ्या आतेबहिणीनें पकडलें. वडील मंडळींनीं त्याच दिवशीं सुतार बोलावून फट बुजविली, आणि आतेबहिणीनें यापुढें सर्वांच्या आधीं, अंधारांतच न्हावें, असें ठरलें. “बभ्रा नको, पोरीचें लग्न व्हावयाचें आहे,” एवढेंच आजी म्हणाली. त्या तरुणाला कोणी एक शब्द विचारला नाहीं. पुढें श्रावणांत तो आमच्याकडे पंगतीला बसला, आणि त्याच्या पानांत वाढावयास तिलाच पाठविलें.

ऊसतोडणीची बाई भिंत नाहीं म्हणून अंधारांत न्हाते. आमची ताई भिंत असूनही तसेंच न्हाली. तिच्या शिक्षेला मुदत नव्हती.

शिक्षा वाढली हें योग्यच झालें. परंतु घरानें तोंड दाबून धरलें, तर सात वर्षांची कैदही पुस्तकांतच राहते. कारखान्यांनीं तळावर न्हाणी बांधून द्याव्यात. तो खर्च त्यांस जड नाहीं. आपल्या घरीं मात्र दुसरें काम आहे. अशी गोष्ट कानांवर आल्यास मुलीला काय जपावें तें सांगत बसूं नये. सुताराला अवश्य बोलवावें. पण त्याच्या आधीं त्या मुलाच्या वडिलांना बोलवावें, आणि मुलीला फिर्याद द्यावयाची असेल, तर चौकीपर्यंत घरांतील कोणी वडील माणसानें तिच्याबरोबर जावें.