सुटकेचा निर्णय

शिक्षा सुनावणे कठीण खरे. परंतु ती पुरेशी झाली हे ठरविणे त्याहून कठीण होय.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. परंतु गोपाळ गोडसे यांच्या अर्जावर १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, जन्मठेप ही आयुष्यभराची शिक्षा आहे. सरकारने सूट दिली तरच ती आटोपते. पुढे १९७८ साली असा नियम झाला की, ज्या अपराधास फाशीही होऊ शकते, त्यातील जन्मठेपेच्या कैद्याला प्रत्यक्ष चौदा वर्षे भोगल्यावाचून मुक्त करता येत नाही. २०२३ च्या नव्या संहितेतही तो कायम आहे. चौदा वर्षांनी कैद्याला दार ठोठावता येते, एवढेच!

मग कारागृहाचे व पोलिसांचे अहवाल सल्लागार मंडळापुढे जातात. अखेरचा निर्णय राज्य सरकारचा. कोणत्या गोष्टी पाहाव्यात, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले आहे. अपराधाचा परिणाम व्यक्तीपुरता होता की समाजव्यापी? तो पुन्हा घडण्याचा संभव आहे काय? कैद्याचे अपराध करण्याचे सामर्थ्य सरले काय? त्याला आणखी कोंडून काही साधेल काय? त्याच्या कुटुंबाची स्थिती कशी आहे?

हे प्रश्न कागदावर सोपे वाटतात. भालकी तालुक्यातील आमच्या गावी, कलबुर्गीच्या कारागृहातील एका कैद्याविषयी चौकशी आली, तेव्हा मात्र चावडीवर कोणी तोंड उघडीना. त्याची आई व मृताची आई एकाच गल्लीत राहत होत्या. अखेर मृताची आईच म्हणाली, "सोडा न्हाईतर ठेवा, माझं लेकरू काही परत येत नाही. पण त्यानं माझ्या दारावरून जाऊ नये."

तो सुटला. आजही शेताकडे जाताना तो ओढ्याकाठची लांबची वाट धरतो. ही अट कोणत्याही हुकुमात लिहिलेली नाही.

औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत वसविली; तिच्याच प्रेरणेने १९५७ साली व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' निघाला. माणूस सुधारतो, यावर तेथे विश्वास ठेवला गेला. तो विश्वास मलाही मोलाचा वाटतो. परंतु वाचकहो, क्षमा करण्याचा अधिकार सरकारला असला, तरी दुःख वाहणारे घर निराळे असते. त्या घराचे ऐकून घेतल्यावाचून दिलेली सुटका अपुरी. आणि सुटून आलेल्यास वाटच न ठेवणारे गावही अपुरेच.