पंप डायरेक्ट नको

इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत किल्ली फिरवली की स्टार्टर मारायच्या आधी मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक ‘घूं’ ऐकू येतं. टाकीतला विजेवरचा पंप पाइपात दाब भरून घेत असतो. आमची गाडी २००४ सालची, वडिलांनी घेतलेली. तिचा हा आवाज घरातल्या सगळ्यांच्या कानात बसलेला. त्यामुळे अकलूजहून बावड्याला येताना सराटीचा पूल ओलांडून गाडी बंद पडली आणि मी पुन्हा किल्ली फिरवली, तेव्हा मागे बसलेली आईच आधी म्हणाली, “पंप बोलंना रे.”

गळीत हंगाम ऐन भरात होता. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर अगदी अंगाला घासून जात होते. गाडी कडेला ढकलली. तेवढ्यात मोटारसायकलवरून चाललेला एक मेकॅनिक पोरगा थांबला. त्यानं बॉनेट उघडलं, रिलेची डबी शोधली आणि रिलेवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं टकटक केलं. पंप बोलला, गाडी सुरू झाली आणि थोडं अंतर जाऊन पुन्हा गप्प. मग त्यानं रिले उपटला, त्याच्या जागी दोन खोबणींत वायरीचा तुकडा खोचला आणि म्हणाला, “डायरेक्ट केलाय दादा. आता घरापर्यंत काय प्रॉब्लेम नाय.”

खरंच आला नाही. आईला दारात उतरवून गाडी मी तशीच इलेक्ट्रिशियन मामांकडे नेली. मामा गाड्यांचं वायरिंग करतात आणि विहिरीवरच्या मोटारीही भरतात. त्यांनी आधी गाडीला हातच लावला नाही. म्हणाले, “किल्ली काढा.”

किल्ली काढली, इंजिन थांबलं. मागच्या सीटखालचा पंप मात्र चालूच राहिला.

“ऐकलंत? वाटेत ट्रॉलीला धडक बसली असती, पुढं पाइप फाटला असता, तरी हा गडी पेट्रोल फेकतच राहिला असता. इंजिन मेलंय हे त्याला सांगणारं कुणी ठेवलंच नाही तुम्ही.”

कार्ब्युरेटरच्या गाड्यांत असं सांगावं लागत नसे. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चा पेट्रोल पंप यांत्रिक होता. तो इंजिनच्याच फिरण्यावर चाले. इंजिन थांबलं की पंपही थांबे. २००० साली देशभर धुराचे ‘इंडिया २०००’ नियम लागू झाले, कार्ब्युरेटर मागे पडत गेले आणि इंजेक्शन आलं. इंजेक्टरला साधारण तीन बार दाबाचं पेट्रोल लागतं, म्हणून पंप विजेवर गेला आणि टाकीत जाऊन बसला. आता इंजिन आणि पंप यांचा संबंध राहिला तो फक्त वायरींतून, आणि त्या संबंधाची चौकी म्हणजे रिले.

मामांनी रिले तळहातावर उलटा धरला. खाली चार पाती, प्रत्येकाजवळ बारीक आकडे. ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची टोकं. त्यांतून अँपिअरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी प्रवाह जातो आणि तो द्यायचा की नाही, हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. कॉइल ओढली गेली की ३० आणि ८७ जोडले जातात आणि बॅटरीचा मोठा प्रवाह, पाचेक अँपिअर, पंपाकडे निघतो. किल्ली फिरवल्यावर कॉम्प्युटर दोन-तीन सेकंदच परवानगी देतो. पुढं इंजिन फिरतंय असा सेन्सरचा निरोप येत राहिला, तरच परवानगी टिकते. इंजिन बंद पडलं की क्षणात रिले सुटतो. पोरानं ३० आणि ८७ मध्ये वायर घातली, तेव्हा ही सगळी विचारपूसच गाडीतून काढून टाकली होती.

“विहिरीवर लाइट गेली की स्टार्टर पडतो, तो कशाला?” मामा म्हणाले. “आतली कॉइल सोडते म्हणून. ती कॉइल दोरीनं बांधून ठेवणारे शेतकरीही बघितलेत मी. नंतर मोटार भरायला माझ्याकडंच येतात.” आमच्या भागात याहून अधिक समजावून सांगायची गरज पडत नाही.

काही गाड्यांत, उदाहरणार्थ फोर्डच्या जुन्या मॉडेलांत, धक्का बसताच पंपाची वीज तोडणारा वेगळा स्विचही असतो. तो जोराच्या दणक्यानंही पडू शकतो आणि वरचं बटण दाबलं की पुन्हा चालू होतो. मात्र दाबण्याआधी गाडीखाली वाकून गळती पाहायची. आमच्या गाडीत तो नाही, म्हणजे सगळी भिस्त रिलेवरच.

मामांनी वायरीचा तुकडा काढून फेकला आणि हॉर्नचा रिले उपटून पंपाच्या जागी बसवला. दोन्ही एकाच जातीचे होते. गाडी लगेच सुरू झाली. रस्त्यात एवढं केलं असतं तरी, हॉर्नशिवाय का होईना, सुरक्षित घरी येता आलं असतं. मला वाटलं, नवा रिले टाकला की काम संपलं. मामांनी टॉर्च मारून खोबण दाखवली. ८७ च्या भोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं. आतली पितळी पकड सैल झाली होती.

सैल पकडीत अर्धा ओहम अडथळा जरी तयार झाला, तरी पाच अँपिअरला तिथंच अडीच व्होल्ट खर्च होतात आणि साडेबारा वॅट उष्णता नखाएवढ्या जागेत साठते. “मग फ्यूज का नाही उडाला?” असं मी विचारलं. मामांचं उत्तर मला सगळ्यांत मोलाचं वाटलं. फ्यूज जास्तीचा प्रवाह पकडतो. खराब जोडात प्रवाह वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. त्यामुळे पंधरा अँपिअरचा फ्यूज शाबूत राहतो आणि शेजारचं प्लास्टिक जळत जातं. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी तीस अँपिअरचा घालणारे तर उरलेली राखणही काढून टाकतात, कारण मग फ्यूजच्या आधी वायरच तापते.

मग मागची सीट उचलली. खरा घोटाळा तिथं होता. कधीकाळी या गाडीला गॅसचं किट बसवलं होतं आणि पुढं काढलंही. किट लावताना गॅसवर चालताना पेट्रोलचा पंप थांबावा म्हणून त्याची वायर तोडून मध्ये किटचा रिले घालतात. किट काढणाऱ्यानं ती टोकं नुसती पिळून वर टेप गुंडाळली होती. उन्हाळ्यांनी टेपचा डिंक पातळ होऊन ती सरकली होती आणि तांबं उघडं पडलं होतं. पंपाची अर्थची वायर रंगावरच स्क्रू मारून कसलेली, खाली गंज. इंजिन चालू ठेवून मामांनी मल्टिमीटर लावला. बॅटरीवर चौदा व्होल्ट, पंपाच्या कपलरवर जेमतेम अकरा.

टाकीच्या आत पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, तिथं पेट का घेत नाही, असं लोक विचारतात. पेटायला हवा लागते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच ती पेटते. टाकीत वाफ त्याहून फार दाट असते. सीटखाली मात्र हवाही असते, आणि हवेपेक्षा जड असलेली वाफ तिथल्या पोकळीत बसून राहते. त्यात उघड्या जोडाची एक ठिणगी पुरते. म्हणून गाडीत पेट्रोलचा वास असेल तर किल्ली फिरवायची नाही, कपलर उपटायचा नाही, बॅटरीचं टोकही लगेच काढायचं नाही, कारण ते काढतानाही ठिणगी पडते. सगळी दारं उघडायची, माणसं उतरवायची, गाडी ढकलून मोकळ्यात न्यायची आणि वास जाऊ द्यायचा.

आमच्या नशिबानं पाइप कोरडे होते, पण मामांनी ते वाकवून पाहिले आणि भेगाळलेला एक तुकडा बदलला. आमच्याच पट्ट्यातल्या उसापासून होणारं इथेनॉल आता वीस टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये येतं. जुन्या गाड्यांचं रबर या मिश्रणासाठी बनवलेलं नव्हतं आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहत असेल तर हे ध्यानात ठेवावं. टाकी तळाला जाईपर्यंत चालवणंही पंपाला सोसत नाही, कारण पेट्रोलच त्याला गार ठेवतं.

मामांनी रिलेची खोबण बदलली, अडीच चौरस मिलिमीटरची बारीक तारांची गाडीची वायर टाकली, लग्ज दाबून बसवले आणि रंग खरवडून अर्थ पत्र्यावर कसली. घरातली एकतारी वायर त्यांनी हातात धरून दाखवली: गाडीच्या हादऱ्यानं ती आतून तुटते. शेवटी पंपावर साडेतेरा व्होल्ट आले. किल्ली काढताच पंप थांबला, तेव्हाच त्यांनी बॉनेट लावलं.

आता डॅशबोर्डच्या कप्प्यात एक जादा रिले असतो आणि रिलेच्या डबीच्या झाकणात आतून चिठ्ठी चिकटवली आहे: ‘हॉर्नचा रिले इथं चालतो. डायरेक्ट करू नये.’ रस्त्यात मदतीला येणाऱ्या माणसाची नियत चांगलीच असते, त्याला दुसरा उपाय हाताशी मिळाला पाहिजे. पंधरा वर्षं झाल्यावर तपासणी करून गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी नव्यानं करता येते. त्या तपासणीत ब्रेक, दिवे, धूर पाहिले जातात. मागची सीट उचलून टेपचा जोड बघणं हे मालकाचंच काम, आणि त्याला पाना लागला तर लागतो, खर्च काहीच नाही.