भर पावसात, राजगडाहून तोरण्याला

आषाढात राजगड-तोरणा करायचा तर आधी छपराचा विचार करावा लागतो. इकडे पद्मावतीचं देऊळ, तिकडे मेंगाईचं, आणि मधे दहा-बारा किलोमीटरची उघडी डोंगरधार. एरवी पाच-सहा तासांत होणारी ही वाट पावसात अख्खा दिवस खाते.

पद्मावतीच्या देवळात रात्री दोरीवर टाकलेले कपडे सकाळीही ओलेच होते. तेच पुन्हा अंगावर चढवले. कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी. तो मुक्कामासाठी, वाटेत कितीही कुडकुडलो तरी त्याला हात लावायचा नाही.

संजीवनी माचीवर वारा उभं राहू देईना. तोरणा पश्चिमेला, पाऊसही तिकडूनच येणार, म्हणजे दिवसभर तो तोंडावर घ्यायचा. या माचीच्या दुहेरी तटबंदीबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं, पण सगळं लढाईच्या अंगाने. त्या दिवशी एका बुरुजाजवळ दोन तटांमधल्या चिंचोळ्या जागेत उतरलो आणि वारा तुटला. डोक्यावरून ढग पळत होते, आत मात्र काडी पेटली असती. दगडांच्या सांध्यांत नेचे उगवलेले, पायाशी पाणी वाट काढून बाहेर चाललेलं. पहाऱ्यावरच्या माणसांनी इथे चार-चार महिने पाऊस काढला असेल. हा तट बांधणाऱ्याने शत्रूइतकाच पावसाचाही विचार केला होता, असं मला तिथे उभं राहून वाटलं.

अळू दरवाजातून बाहेर पडताना तिथलं शिल्प पाहिलं. वाघाने सांबर उताणं पाडलंय. पाणी त्याच्यावरून सारखं ओघळत होतं.

पुढे धार. उजवीकडे वेल्ह्याचं खोरं, डावीकडे भाटघरच्या जलाशयाचा फुगवटा, हे नकाशावर. डोळ्यांना दिसत होती ती फक्त पुढच्याची सॅक आणि गुडघाभर गवत. वाटेची माती लोण्यासारखी झालेली. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड उभा राहिला असं सांगतात. ते धन याच अंगाने आलं असेल का, हा विचार बराच वेळ मनात घोळत राहिला. पावसात बोलणं बंद पडतं, मग असे विचार लांबतात.

खिंडीतला डांबरी रस्ता ओलांडून वर चढल्यावर धनगराचं एक घर लागलं. दारात मावशी उभ्या होत्या.

"या की आत. पाऊस काय थांबायचा न्हाई, तुमीच थांबा वाईच."

चुलीपाशी म्हैस बांधलेली, धुराने डोळे चुरचुरत होते. मावशींनी गुळाचा चहा दिला. पैसे पुढे केले तर आधी म्हणाल्या, "तोरण्यावर पोचल्यावर द्या." मग हसून घेतले.

बुधला माचीची लोखंडी शिडी त्या दिवसातली सगळ्यात अवघड जागा. ओल्या पायऱ्या, सुन्न बोटं, पाठीवर भिजून जड झालेली सॅक. एक माणूस पूर्ण वर पोचेपर्यंत दुसऱ्याने शिडीला हात लावायचा नाही, हे आमच्यातल्या काकांनी ठरवून दिलं होतं. खाली उभं राहून थंडी वाजत होती, तरी कुणी घाई केली नाही.

कोकण दरवाजातून गडावर शिरलो तेव्हा अंधारत आलं होतं. मेंगाईच्या देवळात आधीच एक ग्रुप उतरला होता. सॅक उतरवायच्या आतच त्यांनी आपल्या चटया भिंतीकडे सरकवल्या. ओले बूट दाराशी, स्टोव्ह बाजूला, देवीपुढची जागा मोकळी. हे सांगावं लागलं नाही. मी पिशवीची गाठ सोडली. जोड कोरडा होता.

आमची खिचडी शिजत होती तेवढ्यात वेल्ह्याच्या वाटेने आणखी चार मुलं आली, निथळत, दात वाजवत. आम्ही उठून चटया पुन्हा सरकवल्या आणि पातेल्यात तांदूळ वाढवले.