मुकादमाची वही

माझा बाप उजनीच्या धरणावर कामाला होता. पण धरणाच्या कागदावर तो कुठंच नाही. 1969 साली काम सुरू झालं, 1980 साली संपलं. भीमा अडली, कॅनॉल निघाले, ऊस आला, कारखाने आले. टेंभुर्णीचा नाका मोठा झाला. बापाचं नाव मात्र फक्त मुकादमाच्या वहीत होतं. नावापुढं उचलीचा आकडा आणि शेवटी अंगठा. बाप म्हणायचा, "धरान सरकारचं, दगूड सरकारचा, पर आमी मुकादमाचं."

हे ऐकत वाढलो, तरी मी मुकादम झालो. ते कबूल करायला लिहितोय.

2001 सालची गोष्ट. बी. ए. होऊन घरी बसलो होतो. चौदा एप्रिलला भाषण, बाकी वर्षभर चहाची उधारी. पुण्यात इमारती उठत होत्या. एका ठेकेदाराचा माणूस नाक्यावर भेटला. म्हणाला, "शिकलेला दिसतोस. पोरं दे. माणशी रोज पाच रुपये तुला." एक कोरी वही आणि उचलीचे पैसे दिले. साहेबासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मित्रांनो, ठेकेदाराला मुकादम का लागतो, याचा विचार करा. घमेलं उचलणारी माणसं त्याला पुण्यातही मिळतात. पण टेंभुर्णीच्या वस्तीत कुणाच्या घरी चूल पेटली नाही, कुणाच्या बहिणीचं लग्न ठरलंय, कुणाला सावकारानं गाठलंय, हे त्याला पुण्यात बसून कसं कळणार? ते मला ठाऊक होतं. मी तेच विकत होतो. लग्नघरी हजाराची उचल टेकवायची, की पोरगं सहा महिने बांधलं गेलं. उचल फिटेपर्यंत हलायचं नाही. वेठबिगार 1976 च्या कायद्यानं बंद झाली, उचलीत माणूस बांधणं गुन्हा आहे, हे मी भाषणात सांगायचो. तेच वहीत करायचो.

तेरा पोरं नेली. त्यातल्या एकाचा हात थापीवर चांगला बसला होता. गावातली दोन घरं त्यानं प्लास्टर केली होती. मी ठेकेदाराला म्हणालो, हा गवंडी आहे. तो हसला. "तुमच्यातला गवंडी नको. बाकीचे गवंडी शेजारी जेवायला बसत न्हाईत. तुमचे बिगारीच द्या." मी वहीत त्याच्या नावापुढं लिहिलं, बिगारी. माझ्या हातानं लिहिलं.

मुंबईच्या गिरण्यांत हेच होतं. भरती जॉबरच्या हातात. त्याला दस्तुरी दिल्याशिवाय दारातून आत जाता येत नव्हतं, आणि विणखात्यात आपल्या माणसाला जागा नव्हती, कारण कांडीचा धागा तोंडानं ओढावा लागे. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना हाच सवाल केला. सगळ्या खात्यांत आमच्या माणसाला हक्क नसेल, तर तुमच्या एकीत आम्ही कशाला यायचं? पुढं 1942 ते 1946 ते मजूरमंत्री होते. त्याच काळात सेवायोजन कार्यालयांचा पाया पडला. दारावरचा जॉबर हटला पाहिजे, माणसाला त्याच्या कसबावर काम मिळालं पाहिजे, हा त्याचा अर्थ. मी बी. ए. ला हे वाचलं होतं. तरी लिहिलं, बिगारी.

चौथ्या महिन्यात ते पोरगं विटांचं घमेलं घेऊन परांचीवरून खाली आलं. मांडीचं हाड मोडलं. ठेकेदार म्हणाला, हा आमचा माणूसच नाही, मस्टर बघा. मस्टरवर एकाचंही नाव नव्हतं. नाव होतं फक्त माझ्या वहीत. रात्री ठेकेदाराचा माणूस आला. म्हणाला, "पान फाड. पुढच्या गँगला माणशी दहा देतो."

पान मी फाडलं नाही. पण वही हरवली म्हणून सांगितलं. दोन दिवस सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्याची आई एस.टी.नं आली. आम्ही तिला आक्का म्हणायचो. दवाखान्याच्या पायरीवर बसली. रडली नाही. म्हणाली, "वही दे, लेका. पोरगं ठेकेदाराच्या न्हाई, तुज्या शबुदावर आलतं."

वही दिली. पण त्या दोन दिवसांत ठेकेदारानं बाकीची बारा पोरं दुसऱ्या साइटवर पांगवली होती. साक्षीला कुणी उरलं नव्हतं. दवाखान्याचं बिल निघालं, बाकी काही नाही. 1923 चा भरपाईचा कायदा होता. ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ मालकानं द्यावा, असं 1970 चा कंत्राटी कामगार कायदा सांगत होता. बांधकाम मजुरांचा कायदा 1996 चा, पण महाराष्ट्राला त्याचे नियम करायला 2007 उजाडलं. त्या पोराचा एक पाय आखूड राहिला. त्याला माझ्या दोन दिवसांनी आखूड केलं, असं मला वाटतं.

मुकादमाशिवाय काम चालत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. वि. स. पागे यांच्या रोजगार हमीवर याच माढा तालुक्यात आयाबाया खडी फोडत होत्या. काम मागणं हा हक्क, हजेरी सरकारी मस्टरवर. तिथंही खाणारे होते. पण मस्टरवर नाव होतं, म्हणून त्या नावावर मोर्चा काढता येत होता.

आता मुकादमाच्या जागी एजन्सी आली. तिच्याकडं आधारची झेरॉक्स असते, पासबुक असतं, पण गल्लीत पोरं गोळा करणारा अजून आपल्यातलाच एखादा शिकलेला असतो. बांधकाम मजुराची नोंदणी करायला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. इमारतीच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर मजुरासाठीच जमतो. पण दाखला कोण देणार? नाव दुसऱ्याच्या वहीत असतं. मजूर सहकारी संस्था काढा म्हणतात. काढा, पण बघून काढा. कितीक संस्थांत कागदावर मजूर आणि आत ठेकेदार आहे.

म्हणून एवढंच सांगतो. वस्तीतला एकही पोरगा कामावर जाताना कोऱ्या हातानं जाऊ नये. साइटचं नाव, ठेकेदाराचं नाव, तारीख, काम, मजुरी, उचल हे त्यानं स्वतः लिहावं. लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहून द्या, वही त्याच्याच खिशात ठेवा. आणि काम या रकान्यात तो जे जाणतो तेच लिहा. गवंडी असेल तर गवंडी.

ती वही आक्कांनी नंतर मला परत दिली. अजून घरात आहे. बिगारी या शब्दावर मी पुढं काट मारली आणि गवंडी लिहिलं. शाई वेगळी आहे, लगेच दिसते.