साप नव्हे, मासा!

१९५८ सालच्या भाद्रपदांतली गोष्ट. मुठेचा पूर ओसरला होता आणि ओंकारेश्वराजवळच्या एका डबक्यांत हातभर लांबीचें, काळपट असें कांहीं वळवळत होतें. "दिवड! दिवड!" असा ओरडा झाला आणि आम्हां मुलांच्या हातांत धोंडे आले. पहिला धोंडा माझाच होता, हें आज या वयांत कबूल करावयास हवें.

तेवढ्यांत काका संध्या आटोपून घाटावरून आले. ते शाळेंत शास्त्र शिकवीत. तें निपचित शरीर त्यांनीं काठीनें वळविलें व मला जवळ बसविलें. "अरे, मारण्याआधीं नीट पाहिलेंस का? सापाला पर असतात का?"

डोक्यामागें दोन चिमुकले पर होते, त्यांच्यापाशीं कल्ल्यांची फट होती, आणि पाठीवरून निघालेली झालर शेपटीला वळसा घालून पोटाखालीं आली होती. सापासारखे ठळक खवलेही नव्हते. "हा अहीर. मासा आहे," काका म्हणाले. कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं दख्खनच्या माशांचें वर्णन प्रसिद्ध केलें, त्यांत याला एल्फिन्स्टनसाहेबांचें नांव दिलें आहे.

अहीर जन्मतो समुद्रांत. तेथें त्याचें रूप पानासारखें चपटें व पारदर्शक असतें. मग तो नदी चढून येतो, गोड्या पाण्यांत वर्षानुवर्षें वाढतो आणि प्रजोत्पादनासाठीं आयुष्यांत एकदांच समुद्राकडे परततो. मुठेच्या अहिराची ही वाट भीमा आणि कृष्णा यांतून थेट बंगालच्या उपसागरापर्यंतची!

"म्हणजे हा घरींच निघाला असेल?" मीं विचारलें. काका कांहीं बोलले नाहींत.

पुढें नोकरीनिमित्त रत्नागिरीस गेलों, तेव्हां बाजारांत समुद्रांतली वाम पाहिली. आमच्या घरीं मासा वर्ज्य. पण पाहण्याला कसला विटाळ? मुस्कट लांब, दांत तीक्ष्ण, खवल्यांचा मागमूस नाहीं. पाठीवरची झालर डोक्यामागच्या परांजवळच सुरू होते. अहिराची बरीच मागून. नद्यांतल्या एका काटेरी माशालाही वामच म्हणतात. पण त्याच्या पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते. नांवावर विसंबणारा येथें हमखास फसतो. खोल समुद्रांतले वामीचे भाईबंद तर इतके सारखे, कीं दांतांची ठेवण, अंगरेषेवरील छिद्रें आणि मणक्यांची संख्या पाहून तज्ज्ञ त्यांची जात ठरवितात.

हल्लीं नातू कशाकडे बोट दाखवून "आजोबा, साप!" म्हणाला, कीं मी त्याला थांबवितों. "दुरूनच, पण नीट पाहा बरें. डोक्यामागें पर आहेत का?"